उत्तर येईपर्यंत थांबा : वृद्धांच्या नैराश्यावर संशोधन करायचं असेल तर

वृद्धांच्या नैराश्यावर काम करायला येणाऱ्या प्रत्येक नव्या डॉक्टरला मी आधी एका गृहस्थांबद्दल सांगते. वय ७४. सगळं आयुष्य छापखान्यात खिळे जुळवण्यात गेलेलं. मी तेव्हा नुकतीच एमडी झाले होते आणि माझ्या पहिल्याच अभ्यासासाठी त्यांची मुलाखत घ्यायला बसले होते. मी प्रश्न विचारायचे, ते माझ्या हातातल्या कागदाकडे बघत राहायचे. चार-पाच सेकंद थांबून मी ‘उत्तर नाही’ अशी खूण करायचे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचे. स्मरणशक्तीच्या चाचणीतही तेच झालं. वीस मिनिटांत सगळं उरकलं आणि मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) दाट शक्यता’.

त्यांच्यावर उपचार करणाऱ्या माझ्या वरिष्ठांनी तो शेरा वाचला, पण नैराश्याचं औषध चालूच ठेवलं. नऊ आठवड्यांनी मी पुन्हा गेले तेव्हा ते ताठ बसले होते. माझ्या प्रश्नावलीवर बोट ठेवून म्हणाले, ‘डॉक्टर, अकराव्या ओळीत निरुपयोगीचा रु दीर्घ पडलाय. मागच्याच वेळी सांगणार होतो. शब्द तोंडापर्यंत येईतो तुम्ही पुढे गेलेल्या असायचात.’

चूक खरोखरच होती. म्हणजे पहिल्या दिवशी ते वाचत होते, ऐकत होते, त्यांना समजत होतं. फक्त उत्तर बाहेर यायला वेळ लागत होता. नैराश्यात विचार आणि हालचाली दोन्ही मंदावतात, आणि उतारवयात ही मंदगती इतकी ठळक असू शकते की घाईतला माणूस तिला विस्मरण समजतो. त्या दिवशी मी त्यांचा आजार मोजलाच नव्हता. माझी घाई मात्र आकड्यांत उतरली होती.

तेव्हापासून मी मुलाखत घेणाऱ्यांना पहिली गोष्ट शिकवते ती थांबायची. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात वीसपर्यंत मोजा. समोरची व्यक्ती कागदाकडे किंवा खिडकीकडे बघत असली तरी प्रश्न बदलून पुन्हा विचारू नका. तसं केलंत तर तिला पहिलं उत्तर टाकून दुसरं शोधावं लागतं. ‘माहीत नाही’ आणि ‘उत्तर आलं नाही’ हे दोन वेगळे रकाने ठेवा. आमच्या प्रश्नावलीत तिसराही रकाना आहे, ‘उशिरा आलं’, आणि तो मला सगळ्यांत जास्त माहिती देतो.

आधी शब्द गोळा करा

पुस्तकातल्या लक्षणांची यादी पाठ करून गेलात तर निम्मे रुग्ण हातचे निसटतील. वृद्ध माणूस ‘मी उदास आहे’ असं क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, अंगात त्राण नाही. जेवणावर वासना नाही. पहाटे तीनला डोळे उघडतात ते उघडेच. छातीत धडधडतं. पाठ जळते. डोकं रिकामं झालंय. कशात जीव रमत नाही. आता माझं काय राहिलंय, तुमचं तुम्ही बघा. यातलं शेवटचं वाक्य घरातले लोक समंजसपणा म्हणून ऐकतात. मी ते ऐकलं की वही उघडते.

तुम्हीही वही करा. वर्षभर, तपासायला आलेल्या प्रत्येक साठीपुढच्या माणसाने स्वतःचा त्रास ज्या शब्दांत सांगितला ते शब्द जसेच्या तसे लिहा. माझ्या वहीत ‘भार’ हा शब्द सगळ्यांत जास्त वेळा आला. कुणावर भार नको, भार झालोय, भार वाहायचा किती. प्रश्नावली निवडताना, तिचं भाषांतर करताना आणि नंतर निष्कर्ष लिहिताना ही वही जवळ ठेवा.

वृद्धांमध्ये शोक आणि नैराश्य यांतला फरकही शब्दांतूनच कळतो. जोडीदार गेल्यावर माणूस त्या व्यक्तीबद्दल बोलतो, रडतो, मधेच एखादी आठवण सांगताना हसतोही. नैराश्यात बोलणं स्वतःच्या नालायकपणाकडे वळतं आणि तिथेच घुटमळतं. पण एक सांभाळा. शोक चालू आहे म्हणून नैराश्य नसेलच, असं धरून चालू नका. दोन्ही एकाच माणसात असू शकतं.

प्रश्नावली निवडणं आणि ती आपली करणं

वृद्धांसाठी सर्वाधिक वापरली जाणारी जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल जेरोम येसावेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२-८३ मध्ये प्रसिद्ध केली. शंभर प्रश्नांतून त्यांनी तीस निवडले आणि उत्तरं फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ ठेवली. थकलेल्या माणसाला ‘कधीकधी’, ‘बऱ्याचदा’, ‘जवळजवळ रोज’ यांत निवड करायला लावणं जड जातं, त्यामुळे हा निर्णय फार शहाणपणाचा होता. झोप, भूक, वजन यांवरचे प्रश्नही त्यात नाहीत, कारण या वयात ते कशानेही बिघडतात. पुढे १९८६ मध्ये पंधरा प्रश्नांची छोटी आवृत्ती आली. तिच्यात पाच किंवा जास्त गुण आले तर पुढची तपासणी करावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. तपासणी करावी, निदान लिहू नये. गुणांच्या आधारे निदान छापणारे शोधनिबंध मी परीक्षक म्हणून परत पाठवले आहेत.

नैराश्याची दुसरी प्रश्नावली पीएचक्यू-९. ती छोटी आहे, गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, आणि तिचा नववा प्रश्न थेट मरणाच्या विचारांबद्दल आहे. जेरियाट्रिक स्केलमध्ये तसा थेट प्रश्नच नाही, हे लक्षात ठेवा. उलट पीएचक्यू-९ मध्ये थकवा, झोप आणि भूक आहेत. हृदयविकार किंवा किडनीच्या रुग्णाला त्यावर आयतेच गुण मिळतात. डिमेन्शिया बराच पुढे गेला असेल तर या दोन्ही सोडा आणि कॉर्नेल स्केल घ्या. ती १९८८ ची आहे, त्यात १९ मुद्दे आहेत, आणि रुग्णाबरोबरच त्याची काळजी घेणाऱ्याचीही मुलाखत घ्यावी लागते.

भाषांतर या टप्प्यावर मात्र घाई अजिबात नको. भाषांतर, उलट भाषांतर (म्हणजे ते पुन्हा मूळ भाषेत आणून ताडणं) आणि तज्ज्ञांची बैठक एवढ्यावर काम संपलं असं समजतात. मी त्यानंतर वीस-पंचवीस वृद्धांसमोर बसून एकेका प्रश्नाबद्दल विचारते, ‘हा प्रश्न ऐकून तुमच्या मनात काय आलं?’ ‘असहाय वाटतं का?’ या प्रश्नाला आयुष्यभर कुणापुढे हात न पसरलेली माणसं ठामपणे ‘नाही’ म्हणाली. त्यांनी त्या शब्दात लाचारी ऐकली होती. ‘आपल्या हातात काही उरलं नाही असं वाटतं का?’ असं विचारल्यावर त्यांच्यातल्याच काहींनी मान हलवली. घरीच राहणं आवडतं का, या अर्थाच्या प्रश्नाला एका बाईंनी ‘हो’ म्हटलं, आणि कारण विचारल्यावर दोन्ही गुडघे दाखवले. शब्द बदलला की ती नवी प्रश्नावली झाली, हेही तितकंच खरं. ती पुन्हा तपासून घ्यावी लागते, कटऑफ, म्हणजे किती गुणांपासून पुढची तपासणी करायची ते, पुन्हा ठरवावा लागतो. त्यात एक वर्ष जातं. ते जाऊ द्या.

बसायचं कसं

कान आधी तपासा. ऐकू न येणारा माणूस ‘हो हो’ म्हणतो आणि तुमच्या आकड्यांत कायमचा शिरतो. उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल असं बसा, म्हणजे ओठ दिसतील. ओरडू नका, ओरडताना आवाज चढा होतो आणि वयामुळे आधी चढ्या स्वरांचंच ऐकणं जातं. खालच्या पट्टीत, सावकाश बोला. खिशात मावणारं आवाज वाढवण्याचं साधं यंत्र आणि वाचायच्या चष्म्याचे दोन-तीन नंबर आमच्या प्रत्येक पिशवीत असतात. छापील अक्षर मोठं ठेवा, पण वाचून मात्र तुम्हीच दाखवा.

भेटीची वेळ नोंदवा आणि पुढच्या सगळ्या भेटी त्याच वेळी घ्या. तीव्र नैराश्यात अनेकदा सकाळ सर्वांत वाईट जाते आणि संध्याकाळी माणूस थोडा मोकळा होतो. पहिली भेट सकाळी आणि दुसरी संध्याकाळी घेतलीत तर औषधाविना सुधारणा दिसेल.

आल्याआल्या ‘आजोबा’, ‘आजी’ करू नका. काय म्हणू, असं विचारा. काहींना आजी आवडतं, काहींना आडनाव आणि पुढे राव हवं असतं. ज्याला आपण निरुपयोगी झालो असं वाटतंय, त्याच्याशी बोलताना याने फरक पडतो.

आणि मुलगा किंवा सून शेजारी बसून उत्तरं देऊ लागली तर त्यांना गप्प करू नका. त्यांच्यासाठी वेगळी मुलाखत ठेवा आणि ती दुसऱ्या खोलीत घ्या. तिथे जे कळतं ते बहुमोल असतं. कधीपासून बोलणं कमी झालं, कोणती कामं सुटली, रात्री कोण उठतं. मात्र संमती वृद्ध व्यक्तीचीच. तिला समजत असेल आणि ठरवता येत असेल तर घरच्यांची सही तिच्या सहीची जागा घेऊ शकत नाही. मी संमतिपत्र एका भेटीत वाचून देते आणि सही दुसऱ्या भेटीत घेते. मधल्या काळात काही जण नकार देतात. त्यांनी दिलेला तो नकार मला पटतो.

मरणाबद्दल विचारायचं, आणि त्याआधी तयारी करायची

हा भाग मी कुणालाही वगळू देत नाही. बहुतेक देशांत आत्महत्येचं प्रमाण वृद्धांमध्ये, त्यातही वृद्ध पुरुषांमध्ये, जास्त असतं. तरुणांमध्ये एका मृत्यूमागे कितीतरी प्रयत्न असतात. वृद्धांमध्ये प्रयत्न कमी आणि मृत्यू त्या मानाने जास्त. म्हणजे इशारा मिळण्याची संधी कमी.

विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. पायरीपायरीने विचारा. जगणं नकोसं वाटतं का? झोपेतच संपलं तर बरं, असं वाटतं का? स्वतःच्या जिवाचं काही करावं असा विचार आला का? कसं करणार, हेही मनात आलं का? शेवटच्या दोन प्रश्नांना ‘हो’ आलं तर मुलाखत तिथेच थांबते. त्या व्यक्तीला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलायचं, घरातली औषधं आणि इतर साधनं कुणाच्या ताब्यात द्यायची ते ठरवायचं. अशा वेळी आम्ही गुप्तता मोडू, हे संमतिपत्रात आधीच लिहिलेलं असलं पाहिजे. रात्री, सुट्टीच्या दिवशी, फोन कोण उचलणार याचं वेळापत्रक पहिली मुलाखत होण्यापूर्वी भिंतीवर लागलेलं हवं. माझ्या एका सुरुवातीच्या अभ्यासात ते नव्हतं. शनिवारी भरलेला एक कागद सोमवारी उघडला गेला. ती व्यक्ती सुखरूप होती, पण त्या दोन दिवसांचा विचार मी अजून करते.

शरीर, औषधं, मेंदू

थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, सोडियम, साखर. या तपासण्यांशिवाय कुणालाही अभ्यासात घेऊ नका. औषधांची यादी विचारू नका, सगळ्या गोळ्या पिशवीत भरून आणायला सांगा. यादी आणि पिशवी सहसा जुळत नाहीत. स्टिरॉइड, झोपेच्या गोळ्या, जुन्या चिठ्ठीवर चालू राहिलेली औषधं तिथे सापडतात.

नैराश्यावरच्या एसएसआरआय गटाच्या औषधांनी वृद्धांमध्ये रक्तातलं सोडियम उतरू शकतं, विशेषतः रक्तदाबासाठी थायाझाइड चालू असेल तर. सोडियम उतरलेला माणूस गळून जातो, गोंधळतो, पडतो. आणि आपण म्हणतो नैराश्य वाढलं. म्हणून औषध सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत सोडियम पुन्हा तपासा. अमिट्रिप्टिलिनसारखी नैराश्याची जुनी औषधं स्मरणशक्तीवर आणि लघवीवर परिणाम करतात. सुरुवात कमी मात्रेने आणि वाढ सावकाश हे सगळे पाळतात. पुढचं विसरतात, की मात्रा पुरेशी होईपर्यंत वाढवायलाच हवी. अर्ध्या मात्रेवर वर्षभर ठेवलेले आणि ‘औषध लागू पडत नाही’ असा शिक्का बसलेले रुग्ण मी दर आठवड्याला बघते. विजेच्या उपचारांबद्दलची भीतीही अशीच नुकसान करते. ‘प्राइड’ या अभ्यासात साठीपुढच्या २४० रुग्णांना ईसीटी (हेच विजेचे उपचार) आणि व्हेन्लाफॅक्सिन हे नैराश्याचं औषध देण्यात आलं आणि त्यांतले सुमारे ६२ टक्के लक्षणमुक्त झाले.

मेंदूकडेही बघा. १९९७ मध्ये जॉर्ज अलेक्सोपोलस आणि रंगा कृष्णन यांनी ‘व्हॅस्क्युलर डिप्रेशन’ची कल्पना मांडली. बारीक रक्तवाहिन्यांच्या आजाराने मेंदूच्या आतल्या जोडण्या बिघडतात आणि उतारवयात पहिल्यांदाच नैराश्य येतं, असा तो विचार. अशा रुग्णांत रडू कमी आणि निरुत्साह जास्त दिसतो. एखादं काम सुरू करणं, क्रम लावणं जमत नाही. त्यांना ‘मन रमवा’ सांगून काही होत नाही. एक अडचण निवडायची, तिचे बारीक तुकडे करायचे, आज कोणता तुकडा ते कागदावर लिहायचं, असा प्रॉब्लेम सॉल्व्हिंगचा उपचार त्यांना उपयोगी पडतो.

किती दिवस बघायचं

१९५५ मध्ये मार्टिन रॉथ यांनी इंग्लंडमधल्या ग्रेलिंगवेल हॉस्पिटलमधल्या वृद्ध रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. म्हातारपणचा मानसिक आजार म्हणजे मेंदूची झीज, ती वाढतच जाणार, असं तोवर सर्रास मानलं जात होतं. रॉथ यांनी लक्षणांवरून गट पाडले आणि सहा महिन्यांनी व दोन वर्षांनी कोण घरी गेलं, कोण वॉर्डातच आहे, कोण मरण पावलं, एवढंच मोजलं. नैराश्याच्या गटातले बरेच जण घरी परतले होते. डिमेन्शियाच्या गटातले बरेच दगावले होते. महागडं यंत्र नव्हतं. थांबून मोजलं, आणि एक अख्खा समज कोसळला. माझ्या विषयाची सुरुवात मी तिथून धरते.

म्हणून आठ आठवड्यांत आटोपणारे अभ्यास आखू नका. वृद्धांमध्ये औषधाचा गुण यायलाच आठ ते बारा आठवडे लागू शकतात, आणि खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. चार्ल्स रेनॉल्ड्स यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सत्तर आणि त्यापुढच्या, बऱ्या झालेल्या रुग्णांना दोन वर्षं पाहिलं. पॅरोक्सेटिन हे नैराश्याचं औषध चालू ठेवलेल्या दोन गटांत आजार ३५ आणि ३७ टक्के जणांत उलटला. प्लासिबोवर, म्हणजे औषध नसलेल्या नुसत्या गोळीवर, गेलेल्या दोन गटांत ६८ आणि ५८ टक्के जणांत. अभ्यास तिसऱ्या महिन्यात संपला असता तर सगळे बरे झाले असं लिहून मोकळं होता आलं असतं.

कुणाला वगळता याचाही विचार करा. मधुमेह वगळला, हृदयविकार वगळला, थोडं विस्मरण वगळलं, एकटे राहणारे वगळले, तर जी माणसं उरतात ती दवाखान्यात येतच नाहीत. युर्गेन उन्युत्सर यांच्या २००२ च्या ‘इम्पॅक्ट’ अभ्यासात साठीपुढचे १८०१ रुग्ण होते, नेहमीच्या डॉक्टरांकडे जाणारे, अनेक जुनाट आजार असलेले. एक काळजी-समन्वयक फोन करायची, गोळ्या घेतल्या का विचारायची, गुण मोजायची, सुधारणा नसेल तर उपचार बदलायला लावायची. वर्षाअखेर ४५ टक्के जणांची लक्षणं निम्म्यावर आली. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण १९ टक्के होतं. गोव्यात अमित डायस, रेनॉल्ड्स आणि सहकाऱ्यांनी तर प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांकडून नैराश्य टाळण्याचा प्रयोग केला. १८१ जण, वय साठच्या पुढे, थोडी लक्षणं असलेले. झोप कशी सुधारायची, अडचणी कशा सोडवायच्या, मधुमेह कसा सांभाळायचा, योजना कशा मिळवायच्या. २०१९ मध्ये निकाल आला. वर्षभरात तीव्र नैराश्य या गटात ४.४ टक्के जणांना, तर तुलनेच्या गटात १४.४ टक्के जणांना झालं. करिअरच्या सुरुवातीला असाल तर मी या वाटेने जायला सांगेन. त्याआधी सहा महिने मेमरी क्लिनिकमध्ये आणि सहा महिने मेडिसिनच्या वॉर्डात काढा, आणि संख्याशास्त्रज्ञाकडे प्रश्नावली छापण्यापूर्वी जा. गोळा झालेला डेटा घेऊन गेलात तर ते बिचारे फार काही वाचवू शकत नाहीत.

जे येत नाहीत त्यांच्याकडे जा

फॉलोअपला न येणाऱ्यांत सगळ्यांत आजारी माणसं असतात. त्यांना गाळून काढलेली सरासरी उपचाराची खोटी स्तुती करते. आमच्याकडे नियम आहे : दोन फोन, मग घरी भेट. जिने चढता येत नाहीत म्हणून न आलेल्या माणसाला आम्ही ‘सहकार्य नाही’ असं लिहीत नाही.

कधी फोन केल्यावर कळतं की ती व्यक्ती गेली. या वयाच्या अभ्यासात हे घडणारच, म्हणून फोन करणाऱ्याला आधी तयार करा. तारीख आणि कारण लगेच विचारायचं नाही. पहिल्या फोनवर फक्त ऐकायचं. रकाना दोन आठवड्यांनी भरला तरी चालतो. माझ्या गटात त्या दिवशी तो सहकारी पुढची मुलाखत घेत नाही.

अभ्यासाचा शेवटही पहिल्याच भेटीत सांगा. दोन वर्षं दर महिन्याला कुणी तरी येतं, समोर बसतं, उत्तराची वाट बघतं. मग अचानक येणं थांबतं. एकट्या माणसासाठी हा लहान धक्का नसतो. आम्ही प्रत्येकाला एक कार्ड देतो, त्यावर सगळ्या भेटींच्या तारखा असतात आणि शेवटची तारीख चौकटीत. भेट झाली की त्यांनी स्वतःच्या हाताने फुली मारायची. शेवटच्या तीन भेटी महिन्याऐवजी दोन महिन्यांच्या अंतराने घेतो. त्यांपैकी एका भेटीत, पुढे ज्या डॉक्टरांकडे जायचं त्यांना बरोबर घेऊन जातो, आणि ते दोघं बोलू लागले की आमचा माणूस खुर्ची थोडी मागे सरकवून बसतो.